छत्रीआडचे फोटो

लोकांच्या साखरपुड्याचे फोटो हा धाकटीचा पोटापाण्याचा धंदा होता. फोटो ती स्वतः काढत नसे. ते काम तिच्याबरोबरच्या फोटोग्राफरचं. तिचं काम त्याच्या आधीचं. जोडपं आलं की समोर बसवायचं, चहा पाजायचा, कुठे भेटलात, आधी कोण बोललं, भांडता कशावरून, असं सगळं गोडीगुलाबीनं काढून घ्यायचं आणि त्यातून एक कल्पना उभी करायची. मग त्या कल्पनेला साजेसे कपडे, सामान, जागा आणि उजेड. जागा बहुतेक वेळा ठरलेलीच असे, शहराची जुनी बाजारपेठ. दगडी फरसबंदी, कमानींखालून जाणारे अरुंद बोळ, लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, बंद पडलेलं नाटकगृह आणि मधोमध कारंजं. सकाळी कुठल्या भिंतीवर ऊन आधी उतरतं, कुठला दुकानदार पायरीवर बसू देतो आणि कुठला पाणी ओततो, हे तिला तोंडपाठ होतं. एका जोडप्याला तिनं जुन्या काळचे पोस्टमन आणि तारमास्तरीण केलं होतं, दुसऱ्याला सर्कशीतले विदूषक. लोक तिचं नाव काढत. ‘हिच्याकडे गेलं की साधी माणसंसुद्धा गोष्टीतली दिसतात,’ असं म्हणत.

अशा धाकटीच्या आईचा साखरपुडा ठरला.

आई साठीच्या पलीकडची. शाळेत लहान मुलांना शिकवून निवृत्त झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला मुलगा दुसऱ्या शहरात संसार थाटून बसला होता, आणि धाकटी याच शहरात, पण वेगळ्या घरात एकटी राहत होती. आईचे गुडघे कुरकुरायला लागले तशी ती व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागली, आणि तिथे तिला पायलट भेटला.

पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. तो शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. बस अशी हाकायचा की उतारू जीव मुठीत धरून बसत, त्यावरून कुणीतरी पायलट म्हटलं आणि तेच चिकटलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. अंगानं आडवा, आवाज डेपोतल्या भोंग्यासारखा, आणि हसला की पुढचा सोन्याचा दात लखकन चमके. गुडघा वर करायच्या व्यायामात तो आईच्या शेजारी डुगडुगत उभा राही आणि म्हणे, “बाई, तुम्ही पडलात तर मी धरीन. मी पडलो तर तुम्ही नुसत्या बाजूला व्हा.” इथून सुरुवात झाली ती अंगठीपर्यंत पोचली.

आईनं ही गोष्ट दोन्ही मुलांना एकाच दिवशी सांगितली. थोरल्यानं फोनवर विचारलं, “या वयात? लोक तोंडात शेण घालतील आमच्या,” आणि फोन ठेवून दिला. धाकटी मात्र धावत गेली. आईला मिठी मारली, म्हणाली, “आई, मला इतका आनंद झालाय! दादाकडे लक्ष देऊ नकोस. तो बुरसटलेला आहे.” आईचे डोळे भरून आले. “तू आहेस म्हणून बरं गं बाई,” ती म्हणाली.

हे बोलताना धाकटी खोटं बोलत नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं. पण घरी परतताना तिच्या डोळ्यांपुढे पायलट आला. जन्मभर ड्रायव्हरचा गणवेश घातलेला, चारचौघांत मांडीवर थाप मारून हसणारा माणूस. त्याचा हात आईच्या हातात. आणि लोक काय म्हणतील ते तिला न सांगताच ऐकू येत होतं: मुलगी राहिली बाजूला, आईनंच बाजी मारली! दुसऱ्यांच्या साखरपुड्यांची सजावट करणारी, स्वतः बिनलग्नाची, आणि आता आईच्या साखरपुड्यात मिरवणार. हे विचार तिनं झुरळासारखे झटकले. आपण थोरल्यासारख्या नाही, हे तिला स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं तिथेच पाणी मुरत असतं, पण ते तिला तेव्हा कळलं नाही.

मग एके दिवशी आईनं फोटोंचा विषय काढला. भांडी पुसता पुसता, पाठमोरी राहून, जणू सहज आठवलं म्हणून.

“तू एवढ्या लोकांचे फोटो करतेस. आमचेपण करशील का? जास्त नकोत. चार-दोन.”

“करीन की! त्यात काय.”

“त्या जुन्या बाजारपेठेत. कारंज्यापाशी. ती एक मुलगी नाही का तुझ्या फोटोत, मान मागे टाकून हसतेय, अंगावर पाणी उडालंय... मला फार आवडतो तो.” आणि पुसलेलीच बशी पुन्हा पुसत म्हणाली, “मला काही तसं हसता येणार नाही म्हणा. पण यांना येईल.”

आपला एकूणएक फोटो आईनं बघून ठेवला आहे, हे धाकटीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिला भरून आलं, आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे कारंजं आलं, कारंज्याभोवतीची गर्दी आली आणि पाण्यात भिजलेला सोन्याचा दात आला.

“मी तुमच्यासाठी काहीतरी खास करते,” ती म्हणाली.

आणि तिनं खास केलंच. एरवी जोडप्याला समोर बसवून विचारल्याशिवाय ती कागदावर रेघ ओढत नसे. या वेळी तिनं कुणालाच काही विचारलं नाही. कल्पना तिला बसल्या जागी सुचली. जुना काळ, पहाटेचं धुकं, दोन माणसं चोरून भेटताहेत. पहिल्या फोटोत ती दोघं पाठमोरी, बोळातून दूर चाललेली. दुसऱ्यात फक्त दोन हात, एका लोखंडी कठड्यावर. तिसऱ्यात भिंतीवर पडलेल्या दोन सावल्या. चौथ्यात मोठी काळी छत्री, आणि छत्रीखाली दोन जोड बूट. कारंजं होतं, पण पाण्यातलं प्रतिबिंब तेवढं, तेही हललेलं. वेळ दुकानं उघडायच्या आधीची.

फोटोग्राफर तिचा जुना सहकारी, मोजकं बोलणारा. त्यानं तो आराखडा उलटसुलट करून पाहिला.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण यात तोंडं कुठायत?”

“तीच तर कल्पना आहे. चेहऱ्याशिवाय प्रेम. सगळे चेहरेच दाखवतात.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाला आणि कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. ते ‘बरं’ धाकटीला बरं वाटलं नाही, पण तिनं ते कानाआड केलं.

आईला आराखडा दाखवला तेव्हा तिनं एकेक चित्र निरखून पाहिलं. तिला कळलं नसावं, पण मुलीनं केलंय म्हणजे चांगलंच असणार, अशी तिची ठाम समजूत. “किती वेगळं सुचतं तुला!” ती म्हणाली. नंतर आईच्या शेजारणीनं धाकटीला गाठून सांगितलं, “तुझी आई आरशापुढे छत्री घेऊन उभी राहते गं! काल मला विचारत होती, मान अशी बरी का तशी बरी.” शेजारीण हसत होती. धाकटीनंही हसल्यासारखं केलं.

ठरलेल्या सकाळी ती दोघं वेळेच्या आधीच येऊन उभी होती. आईनं धाकटीनं दिलेला करडा लांब कोट घातला होता, गळ्यात रेशमी रुमाल. केस नीट बसवलेले आणि ओठांना किंचित रंग. आईच्या ओठांना रंग धाकटीनं जन्मात पाहिला नव्हता. पायलटनं दाढी इतकी घोटून केली होती की गाल चकाकत होते.

“आलो बघ पोरी!” तो कमानीखालून ओरडला आणि ते ‘पोरी’ चारही भिंतींवर आपटून परत आलं.

दुकानं उघडायच्या आधी बाजारपेठ रिकामी असते, हा धाकटीचा हिशेब होता. पण जो माणूस उभी हयात पहाटेच्या बसवर होता, त्याला पहाटेची माणसं ओळखणारच. झाडूवाली थांबली, “काय पायलट, आज कोट?” दुधाच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. पावाच्या भट्टीवरचा माणूस पिठाच्या हातांनी बाहेर आला. आणि पायलट प्रत्येकाला आईकडे बोट दाखवून सांगत होता, “या आमच्या बाई! लग्न करताहेत माझ्याशी. वेड लागलंय त्यांना!” आई लाजत होती, पण तोंड लपवत नव्हती. उलट नमस्कार करत होती.

“काका, पाठ इकडे. मागे वळायचं नाही,” धाकटी सांगत राहिली. “काका, मान खाली. काका, छत्री अजून खाली घ्या.”

“अगं पण मग आम्ही दिसणार कसे?”

“दिसायचं नाहीच आहे. ती गंमत आहे त्यातली.”

“असं होय,” पायलट म्हणाला आणि शहाण्या मुलासारखी छत्री खाली घेतली.

पाठमोरे झाले, हात झाले, सावल्या झाल्या. छत्रीचा फोटो कारंज्याजवळ चालला होता तेव्हा भट्टीतून गरम पावाची पिशवी घेऊन डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. शहरातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या मुलीचा साखरपुडा पुढच्याच महिन्यात होता आणि फोटोंचं काम धाकटीला द्यायचं की दुसऱ्या कुणाला, हे अजून त्यांच्या मनात घोळत होतं. धाकटीला पाहून त्या थेट जवळ आल्या.

“अरे वा, एवढ्या सकाळी काम!” त्यांनी छत्रीकडे पाहिलं. छत्रीखाली दोन जोड बूट आणि थकलेले दोन हात एकमेकांत गुंफलेले. “म्हातारं जोडपं आहे का? काय गोड कल्पना! कोण गं हे?”

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. धाकटीच्या ओठांवर ते आलंही असेल. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

“ग्राहक आहेत,” ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी बरं होतं. पण खोट्याला टेकू लागतो, म्हणून तिनं आवाज उतरवून पुढे जोडलं, “त्यांना चेहरे दाखवायचे नाहीत. वय झालंय ना, लाज वाटते त्यांना. म्हणून मग मी हे छत्रीचं वगैरे काढलं.”

छत्री हलली नाही. कारंज्याचा आवाज तेवढा होता, आणि तो काही फार मोठा नव्हता. धाकटीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. देवा, ऐकू गेलं नसू दे.

मग छत्री हळूच वर झाली. आई तिच्याखालून बाहेर आली. चेहरा शाळेत तपासणीला साहेब आल्यावर व्हायचा तसा, शांत आणि ताठ.

“मॅडम,” आई धाकटीला म्हणाली, “आता कुठे उभं राहू?”



आई डॉक्टरीणबाईंकडे वळली. “फार छान काम करतात या,” ती म्हणाली. “अगदी मन लावून. आमच्यासारख्यांनासुद्धा सांभाळून घेतात. तुमच्याकडे काही कार्य असेल तर यांनाच सांगा.”

डॉक्टरीणबाई आईकडे पाहत राहिल्या, मग धाकटीकडे, मग म्हणाल्या, “हो हो. सांगते की,” आणि पावाची पिशवी सावरत निघून गेल्या.

पायलटच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी विझलं होतं. तो एकदा आईकडे बघे, एकदा धाकटीकडे. त्याला वाटलं असावं, ही काहीतरी धंद्यातली चाल असेल, आपल्याला कळत नाही. मग त्याला कळलं. त्यानं छत्री मिटली आणि पुन्हा उघडली, उगाचच.

“काढा ना पुढचे,” आई म्हणाली. “उजेड जाईल म्हणत होतात तुम्ही.”

राहिलेले फोटो काढले. आई सांगितल्याबरहुकूम उभी राही, वळे, मान खाली घाली. “अशी का, मॅडम? की अशी?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर धाकटीला त्याला धरून काहीतरी बोलता आलं असतं, रडता आलं असतं, भांडता आलं असतं. आई नुसती मुलीचा शब्द खाली पडू देत नव्हती. तिथे अजून झाडूवाली होती, भट्टीवाला होता. त्यांच्यादेखत मुलगी खोटी पडू नये म्हणून तीच मुलगी तिला परकी करून घ्यावी लागत होती. फोटोग्राफरनं डोळा कॅमेऱ्याला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

काम संपल्यावर धाकटी म्हणाली, “गाडीनं सोडते.”

“नको,” आई म्हणाली. “आम्ही बसनं जातो. यांना बस आवडते.” आणि कोट काढून, नीट घडी घालून तिनं धाकटीच्या हातात दिला.

त्यानंतरचे दिवस धाकटीनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आईचा फोन नेहमीसारखा येई. जेवलीस का, पंखा दुरुस्त करून घेतलास का. त्या सकाळबद्दल अवाक्षर नाही. फोटो तयार झाले. धाकटीनं ते पाठवले आणि उत्तराची वाट पाहत बसली. आईनं कळवलं, “छान आलेत. छत्री फार सुंदर दिसते.” धाकटीनं तो निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला. फोटो खरंच सुंदर होते. इतके सुंदर, इतके नीट जुळलेले, की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एका दुपारी पायलट तिच्या ऑफिसात आला. भिंतीवर हसऱ्या जोडप्यांचे मोठमोठे फोटो होते. तो त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. आवाज न करता उभा राहिलेला पायलट धाकटीनं पहिल्यांदाच पाहिला.

“बसा ना, काका.”

“बसत नाही. गुडघा आखडतो.” टोपी हातात फिरवत तो म्हणाला, “माझं सोड. बसवर लोकांनी मला आईवरून, बापावरून काय वाट्टेल ते म्हटलंय. माझी कातडी जाड आहे. पण तुझ्या आईनं हॉल नको म्हणून सांगितलं. कुणाला बोलवायचं नाही म्हणते. घरातल्या घरात अंगठ्या घालू आणि गप बसू म्हणते. का, तर पोरीला अवघड होतं.”

धाकटी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

“मी तुला बोलायला आलो नाही,” तो म्हणाला. “मी कोण तुझा बोलणारा? फक्त तुला माहीत असावं.” दारापर्यंत जाऊन तो पुन्हा वळला. “ती इथल्या फोटोतल्या सगळ्या पोरींची नावं सांगते मला. कोण कुठली, तू कुणाला काय घालायला दिलंस. कौतुकानं सांगते.”

तो गेल्यावर धाकटी उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. कामाचं काय होईल, याचा विचार तिनं केला नाही असं नाही. केला, आणि तरी गेली. बाहेरच्या बाकावर रुग्णांबरोबर नंबर लावून बसली. आत गेल्यावर उभ्या उभ्याच म्हणाली, “त्या दिवशी कारंज्यापाशी होती ती माझी आई होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. चेहरे लपवायला तिनं सांगितलं नव्हतं. मला लपवायचे होते.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“माहीत होतं?”

“अगं, कपाळ, नाक, हनुवटी, सगळं एकच आहे तुमचं. त्या छत्रीबाहेर आल्या आणि मला लगेच दिसलं. पण त्या इतक्या नेटानं तुला मॅडम म्हणत होत्या की मी कोण त्यांचं मोडणारी?” मग त्या म्हणाल्या, “घरी गेल्यावर मी माझ्या मुलीला सांगितलं. ती रडली.”

म्हणजे ज्या माणसापासून लपवायला एवढा घाट घातला, त्याच माणसाला पहिल्या नजरेत सगळं कळलं होतं. धाकटीनं आईला विकलं होतं, आणि त्या विक्रीत हाती काहीसुद्धा लागलं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळखीचं कुणी समोर येऊ नये म्हणून ती भिंतीच्या कडेकडेनं चालली.

आई इस्त्री करत होती. धाकटी दारातच उभी राहिली.

“काका आले होते,” ती म्हणाली. “हॉल नको म्हणालीस?”

“मी यांना म्हटलं होतं, तिला सांगू नका. यांच्या पोटात काही राहत नाही.” आई बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली.

“आई, माझं चुकलं.”

“हं.”

“मला लाज वाटली. तुमची नाही... म्हणजे तुमचीच. लोकांची. मला माहीत नाही.”

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. “लाज वाटली याचा मला राग नाही,” ती म्हणाली. “मलापण वाटते. व्यायामाच्या वर्गात यांच्या शेजारच्या जागेसाठी मी लवकर जायला लागले तेव्हा माझी मलाच वाटली होती. लाज कुणाला चुकलीय? पण तुझी लाज तू माझ्या नावावर खपवलीस. त्यांनाच चेहरे दाखवायचे नाहीत म्हणालीस. अगं, मी दुकानात जाऊन ओठांचा रंग आणला होता. त्या दुकानातल्या पोरीला विचारलं, माझ्या वयाला कुठला शोभेल. तिनं चार लावून दाखवले माझ्या हातावर.” तिचा आवाज इथे पहिल्यांदा चिरकला. “थोरला तोंडावर बोलला आणि मोकळा झाला. त्याचं मला कळतं. तू मिठी मारलीस आणि छत्री हातात दिलीस.”

धाकटी रडायला लागली. लहानपणी ती रडली की आई हातातलं काम टाकून यायची. आज आली नाही. तिथेच इस्त्रीपाशी उभी राहिली, आणि हे धाकटीला बरोबरच वाटलं.

“पुन्हा काढू आपण,” धाकटी म्हणाली. “भर दुपारी. सगळ्यांसमोर.”

“नको गं बाई. पुन्हा मान वरखाली करायचं त्राण नाही माझ्यात.”

“मग हॉल तरी घेऊ. बोलावणी मी करते. सगळ्यांना मी स्वतः सांगते.”

आई गार झालेली इस्त्री पुन्हा सुरू करत म्हणाली, “सांग. पण जमत नसेल तर आत्ताच सांग. अर्ध्यावर सोडशील तर मला पेलवणार नाही.”

धाकटीनं बोलावणी केली. नातेवाईक, आईच्या शाळेतल्या बाया, व्यायामाचा वर्ग, डेपो. प्रत्येकाला तेच वाक्य सांगायचं होतं, ‘माझ्या आईचा साखरपुडा आहे, या.’ पहिल्यांदा ते तिनं घाईघाईत म्हणून टाकलं, आणि पलीकडच्या मावशी “कोणाचा?” म्हणाल्या तेव्हा पुन्हा म्हणावं लागलं. काही जण मनापासून हसले, काही कुत्सितपणे. एका काकूनं विचारलं, “आणि तुझा कधी?” धाकटी म्हणाली, “ठरला की तुम्हालाच आधी सांगते,” आणि पुढचा नंबर फिरवला. सवयीनं सोपं होईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. प्रत्येक वेळी कान तापले, प्रत्येक वेळी तिनं ते वाक्य पुरं केलं.

शेवटी थोरल्याला फोन केला.

“तुला लाज नाही वाटत, असल्या गोष्टीचं बोलावणं करताना?” तो म्हणाला.

“वाटते,” धाकटी म्हणाली. “तू ये.”

तो आला नाही. त्यानं फुलं पाठवली, नाव न घालता. आईनं ती ओळखली आणि पाण्यात ठेवली.

साखरपुडा हॉलमध्ये झाला. अर्धा डेपो आला होता, खुर्च्या कमी पडल्या. आई अंगठी घालताना पायलटच्या बोटाचा सांधा अडला, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, “रिव्हर्स घ्या, बाई,” आणि हॉल दणाणला. फोटोग्राफरनं फोटो काढले, साधे, समोरून, उभं करून. कुणीतरी धाकटीला म्हणालं, “तुम्ही मुलीकडच्या ना?” आणि सगळे पुन्हा हसले. धाकटी म्हणाली, “हो, मीच आणलंय मुलीला.” आई ते ऐकून हसली, पण तिच्याकडे न बघता.

सगळे पांगल्यावर दोघी मायलेकी खुर्च्या एकात एक घालत होत्या. पायलट बाहेर कुणाला तरी बसचा रस्ता समजावून सांगत होता. आईनं शेवटची खुर्ची रचली, हात झटकले, पर्स उचलली.

“रविवारी आमच्याकडे जेवायला ये,” ती म्हणाली. आणि दारातून वळून, अगदी सौम्यपणे, “पण फोन करून ये हं.”

आईच्या घरी जायला धाकटीला आजवर कधी फोन करावा लागला नव्हता. किल्लीच होती तिच्याकडे. ती “बरं” म्हणाली. रविवारी सकाळी तिनं फोन केला, येऊ का म्हणून विचारलं, आणि आईनं “ये” म्हटल्यावर मगच घराबाहेर पडली.